शेडच्या दारावरचा कागद

२०२० च्या एप्रिलमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा जनावराचं वजन वाढू नये म्हणून खाद्य लिहून दिलं. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले तेव्हापासून आणि इथे मिनेसोटात डुकरांच्या आहाराचं काम करायला लागल्यापासून सगळी खटपट उलटी होती: कमी खाद्यात जास्त वजन कसं येईल. त्या आठवड्यात मात्र मी खाद्यातून सोयाबीनची पेंड काढून टाकली आणि जवळजवळ नुसता मका ठेवला, वर थोडे क्षार आणि जीवनसत्त्वं. प्रथिनं तुटली की वाढ मंदावते. शेडमधलं तापमान थोडं चढवा, म्हणजे डुकरं कमी खातील, असंही फोनवर सांगत होते. सांगताना आपलाच आवाज आपल्याला ओळखू येत नव्हता.

कारण पुढची वाट बंद झाली होती. १२ एप्रिलला शेजारच्या साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा मोठा कत्तलखाना बंद होणार असं जाहीर झालं आणि २० एप्रिलला वर्दिंग्टनचा. वर्दिंग्टन हे आमच्या नोबल्स काउंटीचं मुख्य गाव. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, पण माणसं विरळ. सगळ्या काउंटीत मिळून बावीसएक हजार वस्ती आणि त्यातली तेरा-चौदा हजार एकट्या वर्दिंग्टनमध्ये. या गावातल्या कारखान्यात रोज सुमारे २०,००० डुकरं कापली जात. खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या दोन हजारांवर माणसांमध्ये करोना पसरला आणि पट्टा थांबला.

तूर असती तर पोत्यात राहिली असती. डुक्कर थांबत नाही. जन्मल्यापासून सहा महिन्यांत ते सव्वाशे किलोच्या पुढे जातं आणि मग त्याला जावंच लागतं, कारण त्याच्या जागी येणारं पिल्लू आधीच जन्मलेलं असतं. मादीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. म्हणजे एप्रिलच्या शेवटी शेडच्या दाराशी येणारी पिल्लं आदल्या नोव्हेंबरातच ठरून गेलेली होती, जेव्हा करोना हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. आणि फार वजनदार झालेलं जनावर कारखान्याच्या साखळीवर नीट बसत नाही, म्हणून नंतरही त्याला कोणी घेत नाही. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कत्तलखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला. आदेश निघाला, पण आजारी माणसं आदेशाने बरी होत नाहीत. कारखाने सावकाश, अर्ध्यामुर्ध्या वेगाने सुरू झाले.

मधल्या काळात काय झालं ते मी थोडक्यात सांगते, जास्त सांगवत नाही. धडधाकट, विक्रीला तयार असलेली डुकरं मारून टाकावी लागली. आमच्याच काउंटीत सरकारने एक जागा केली होती, तिथे ती लाकडाच्या तुकड्यांत मिसळून त्यांचं खत करत. त्या रस्त्याने गेलं की मला घाण वासाची धास्ती असायची. प्रत्यक्षात नाकात भरायचा तो ताज्या कापलेल्या ओल्या लाकडाचा वास. आजही कुठे लाकूड चिरत असले की मला तो मे महिना आठवतो.

*

सरकारची मदत जाहीर झाली ती १७ एप्रिलला, म्हणजे वर्दिंग्टनचा कारखाना बंद व्हायच्या आधीच. कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम, इथल्या लोकांच्या तोंडी ‘सीफॅप’. एकूण १९ अब्ज डॉलर, त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांना. अर्ज २६ मेपासून घ्यायला लागले. प्रत्येक काउंटीत शेतीखात्याचं एक छोटं कार्यालय असतं, फार्म सर्व्हिस एजन्सीचं. त्याच्यावर देखरेख करणारी कमिटी तिथल्याच शेतकऱ्यांनी निवडलेली असते. ऑफिसात गेलं की टेबलापलीकडची बाई तुमच्या आजोबांनाही ओळखत असते, अशी ही व्यवस्था. पण त्या उन्हाळ्यात दार बंद होतं. जे काही ते फोनवर आणि ईमेलवर.

आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्यांना ईमेलची सवय नाही. सत्तरीपुढचे, आयुष्यभर स्वतःची डुकरं पाळणारे. या भागात असे आता फार थोडे उरलेत. त्यांच्या खाद्याच्या नोंदी माझ्याकडे होत्या, म्हणून त्यांनी मला बोलावलं. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये दार सताड उघडं ठेवून, दोघं दोन टोकांना तोंडावर मास्क लावून बसलो आणि एडी-३११४ नावाचा फॉर्म भरला.

फॉर्म सोपा होता, हे मी मनापासून सांगते. खेटे नाहीत, दाखल्यावर दाखला नाही. शेतकरी जो आकडा सांगेल तो धरायचा, खाली त्याची सही. नंतर काही जणांची तपासणी होईल तेव्हा नोंदी दाखवायच्या. डुकरांचा हिशोब असा होता: १५ जानेवारी ते १५ एप्रिलमध्ये विकलेल्या मोठ्या डुकरामागे १८ डॉलर, १२० पौंडांच्या आतल्या लहान डुकरामागे २८ डॉलर. आणि १६ एप्रिल ते १४ मे या काळात तुमच्या शेडमध्ये जास्तीत जास्त जितकी डुकरं होती, त्या प्रत्येकामागे १७ डॉलर. दिवस तुम्ही निवडायचा.

‘दिवस तुम्ही निवडायचा’ हे वाचल्यावर म्हातारबाबा थांबले. त्यांच्याकडची डुकरं मेच्या पहिल्या आठवड्यात गेली होती. मी खाद्याच्या नोंदीवरून २० एप्रिल हा दिवस काढला, त्या दिवशी आकडा सगळ्यांत मोठा होता, २,२६०. त्यांनी पेन्सिलीने तो आकडा लिहिला, मग त्यावरून पेन फिरवलं आणि म्हणाले, “हो, त्या दिवशी सगळी होती.” त्यानंतर बराच वेळ आम्ही काहीच बोललो नाही.

२,२६० गुणिले १७ म्हणजे ३८,४२०. हिवाळ्यात विकलेल्या ९५० चे १७,१००. एकूण ५५,५२० डॉलर. त्यातले ८० टक्के आधी, बाकीचे पैसे पुरतायत असं दिसल्यावर. सप्टेंबरमध्ये दुसरा टप्पा आला, त्यात डुकरामागे २३ डॉलर. नुकसान यातून भरून निघालं नाही, पण बँकेचा हप्ता गेला आणि पुढच्या वर्षीची पिल्लं ठेवता आली. चीनशी व्यापाराचं भांडण झालं तेव्हा २०१८ आणि २०१९ मध्येही सरकारचे चेक आले होते. २०२० साली अमेरिकेच्या सरकारने शेतकऱ्यांना थेट दिलेली रक्कम सगळी मिळून ४५ अब्ज डॉलरच्या वर गेली, इतकी पूर्वी कधी गेली नव्हती. शेजारी म्हणाले, “मला चेक नको गं, मला भाव पाहिजे.” हे वाक्य मी माझ्या गावात इतक्यांदा ऐकलंय की ते इंग्रजीत ऐकताना चमकायला झालं.

*

रस्त्याच्या पश्चिमेला तिशीतलं एक जोडपं राहतं. त्यांचं २,४०० डुकरांचं शेड आहे. शेड त्यांचं, जमीन त्यांची, शेडवरचं कर्ज त्यांचं. डुकरं त्यांची नाहीत.

आपल्याकडे ब्रॉयलर कोंबड्यांची करार पोल्ट्री असते, तिच्यावरून हे लगेच कळेल. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, माल उचलून नेते. शेतकऱ्याने जागा, वीज, पाणी आणि स्वतःचं अंग द्यायचं. इथे डुकरांचं तसंच. पैसे मिळतात ते शेडमध्ये जितकी जागा त्या हिशोबाने. बाजारभाव चढला-पडला तरी यांचा संबंध नाही, आणि त्या भरवशावरच बँक दहा-पंधरा वर्षांचं कर्ज देते.

मेमध्ये त्यांच्या शेडमधली डुकरंही गेली. पुढची बॅच आलीच नाही, कारण मालकाने माद्या कमी केल्या होत्या. जून गेला, जुलै गेला, शेड रिकामं. पंखे बंद. पंखे बंद असलेलं डुकराचं शेड मी तोवर पाहिलं नव्हतं. बाजूने जाताना कान बधिर झाल्यासारखे वाटायचे. हप्ता मात्र चालूच.

त्याने काउंटीच्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी आपुलकीने सांगितलं की भावाची जोखीम ज्याच्या अंगावर, मदत त्याला. डुकरं तुमच्या नावावर नाहीत. संध्याकाळी तो आमच्या अंगणात लांब उभा राहून म्हणाला, “रात्री दोनला गजर वाजला की उठतो मी. पिल्लू आजारी पडलं तर सुई मी देतो. मेलेलं मी ओढून बाहेर काढतो. मग मी कोण आहे?”

मी त्याच्याबरोबर शेडवर गेले. दाराच्या आतल्या बाजूला, पत्र्याला चाप लावून, बॅचचा कागद लटकत होता. असा कागद प्रत्येक शेडला असतो. दिवसाला एक ओळ: तारीख, किती मेली, का मेली, औषध काय दिलं, पाण्याच्या मीटरचा आकडा, जास्तीत जास्त आणि कमीत कमी तापमान, आणि शेवटच्या रकान्यात ज्याने फेरी मारली त्याच्या नावाची दोन अक्षरं. त्याची अक्षरं वरपासून खालपर्यंत. मध्ये दोन दिवस बायकोची; तेव्हा तो तापाने पडला होता. शेवटच्या ओळीत मेलेल्यांच्या रकान्यात आकडा लिहिलेला नव्हता, नुसती एक आडवी रेघ होती, आणि पुढे तीच दोन अक्षरं.

हा कागद मला ओळखीचा होता.

*

आबांनी आयुष्यभर बटईनं शेत केलं. जिंतूर तालुक्यात, ओढ्याकाठचं चार एकर काळं रान. मालक परभणीला. बियाणं-खत अर्धं-अर्धं, राबणं सगळं आमचं, माल अर्धा. आबा सातवी शिकलेले, हिशोबाला पक्के. शाळेच्या दुरेघी वहीत सगळं लिहून ठेवायचे: पेरणीची तारीख, किती पिशव्या बियाणं, कुणाचे किती, फवारणी कधी, पोती किती झाली. आईची मजुरी त्या वहीत कधी आली नाही. सरकारच्या वहीत तर दोघांचीही नाही. सातबाऱ्यावर मालकाचं नाव. पेरा त्याचाच, नुकसानही त्याचंच.

मालक वाईट नव्हते. माझ्या शिक्षणाच्या वेळी त्यांनी दोनदा उसने पैसे दिले, व्याज घेतलं नाही. पण बटईचा कागद करायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळकायदा लागू होता, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा. कसेल त्याची जमीन, हा त्यामागचा विचार, आणि लाखो कुळं त्यामुळे मालक झाली. ज्यांची जमीन टिकली त्यांच्या घरात मात्र भीती राहिली, की कागदावर दुसऱ्याचं नाव आलं की रान गेलं. म्हणून बटई तोंडी, दर पाडव्याला नव्याने ठरायची. कुळाला जमीन मिळावी म्हणून झालेल्या कायद्याच्या धाकानेच पुढच्या कुळांची नावं कागदावरून पुसली गेली. आबांसारख्या माणसाचं दुखणं इथे आहे असं मला वाटतं, आणि याचा दोष एकट्या मालकाच्या माथी मारणं मला बरोबर वाटत नाही.

आबांनंतर तेच रान दादा करतो. २०२० च्या उन्हाळ्यात त्याने दोन एकर टरबूज लावलं होतं. २४ मार्चच्या रात्री देश बंद झाला, व्यापारी आला नाही, टरबूज रानातच फुटलं. २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं की पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात टाकू. वर्षाला सहा हजारांतलाच तो एक हप्ता, फक्त लवकर. तो मालकांच्या खात्यात आला. योजनेची अटच आहे, जमीन नावावर पाहिजे.

“तू बोललास का त्यांना?” मी विचारलं.

“काय बोलू? दोन हजारासाठी रान घालवू का हातचं?” दादा म्हणाला. मग त्याने इथलं विचारलं. मी शेजाऱ्याची गोष्ट सांगितली: शेड, कर्ज, डुकरं दुसऱ्याची, मदत नाही. दादा म्हणाला, “म्हणजे तिकडं बी बटई हाय म्हण की.”

तेव्हा मी त्याला इथली दुसरी बाजूही सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. मका आणि सोयाबीनला इथे उलटा नियम आहे. रोख खंडाने जमीन घेतली तर सरकारची मदत कसणाऱ्याला. मालकाला एक डॉलर नाही, कारण त्याचा खंड ठरलेला असतो. वाट्याने असेल तर ज्याचा जितका वाटा त्याला तितकी. कसणारा दरवर्षी १५ जुलैच्या आत काउंटीच्या ऑफिसात जाऊन कुठल्या शेतात काय पेरलं ते नोंदवतो, त्याच्या नावाने. जमिनीची मालकी त्यामुळे हलत नाही. मालक पुढे खंड वाढवून त्यातलं काही काढून घेतात, हेही होतं. पण कागदावर कसणारा दिसतो.

दादाचा त्यावर विश्वास बसेना. त्याने दोनदा विचारलं, “अन् मालक काही म्हणत नाही?”

माझं म्हणणं एवढंच आहे. इथलं सरकार पेरणाऱ्याला ओळखतं कारण त्याने फार वर्षांपूर्वी त्याच्यासाठी रकाना आखला. डुकरं पाळणाऱ्यासाठी रकाना नव्हता, तर त्याच सरकारला, त्याच ऑफिसातल्या त्याच बाईला, समोर ओळखीचा मुलगा असून तो दिसला नाही. त्या बाईंचं मन मोठं होतं. मनाचा उपयोग झाला नाही.

*

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि करारावर जनावरं पाळणाऱ्यांसाठी एक अब्ज डॉलरपर्यंत तरतूद ठेवली. देशभरातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी आणि डुकरं पाळणाऱ्यांनी त्यासाठी धरणं धरल्यासारखा पाठपुरावा केला होता. नियम ठरायला पुढचा उन्हाळा उजाडला. अर्जाची शेवटची तारीख १२ ऑक्टोबर २०२१. आधीच्या वर्षापेक्षा २०२० मध्ये कराराचं उत्पन्न जितकं घटलं, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई. शेजाऱ्याला पैसे मिळाले. तोवर त्याने दीड वर्ष धान्याचा ट्रक चालवून हप्ते भरले होते आणि शेडमागचं आठ एकर विकलं होतं. विकलेलं परत आलं नाही. दारावरचे ते कागद त्याने सगळे जपून ठेवले होते, अर्जाला लावायला म्हणून. लागले नाहीत; कराच्या कागदांवर भागलं.

आणि वर्दिंग्टनच्या पट्ट्यावरची माणसं? या गावात मेक्सिको, ग्वाटेमाला, लाओस, म्यानमार, इथिओपिया, कुठकुठली माणसं ते काम करतात. माझ्या मुलीच्या वर्गात त्यांची मुलं आहेत. आधी आजारी पडली ती हीच माणसं, आणि बंद कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा आत गेली तीही हीच. शेतात आणि कत्तलखान्यात राबणाऱ्यांसाठी माणशी ६०० डॉलरची मदत जाहीर झाली सप्टेंबर २०२१ मध्ये. ती वाटणाऱ्या संस्थांना पैसा मिळेपर्यंत २०२२ चा ऑक्टोबर आला. एका डुकरामागे किती, हे सरकारने महामारीच्या पहिल्या दोन महिन्यांत पैशापर्यंत नेमकं ठरवलं होतं. कापणाऱ्या हातांना अडीच वर्षं थांबावं लागलं. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

गेल्या दिवाळीत दादाला म्हटलं, आबांच्या वह्या आहेत का रे? त्याने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. अकरा वह्या निघाल्या, दोन वाळवीने खाल्लेल्या. त्याने एकेका पानाचे फोटो पाठवले, रात्री उशिरापर्यंत पाठवत होता. आबांचं अक्षर पुढेपुढे मोठं होत गेलंय. डोळे गेले होते त्यांचे. शेवटच्या वहीतल्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर आहे:

“२२ जून. ओढ्याकडचं रान. सोयाबीन पेरली. बॅगा चार, दोन मालकाच्या, दोन आपल्या. वाफसा चांगला.”

त्याखालच्या ओळीवर नुसती पुढची तारीख घातलेली आहे.